धागा: पुरात टॉवर बंद पडले तर निरोप कसे जाणार? चिपळूणसाठी लोरा मेश

खाडीकाठ · मंगळवार, रात्री ९:४०

२२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. वीज गेली, मोबाईल गेले. कोण कुठल्या गच्चीवर अडकलंय हे चार गल्ल्या पलीकडच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेला दरड कोसळली.

या पार्श्वभूमीवर लोरा मेशचा विचार चालू आहे. लोरा म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारं रेडिओ तंत्र, मेश म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे नेणाऱ्या रेडिओंचं जाळं. मेशटॅस्टिक हे मोफत, मुक्तस्रोत फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर) घातलेले छोटे रेडिओ, फोनला ब्लूटूथने जोडलेले. ना सिम, ना टॉवर, ना इंटरनेट. एका रेडिओचा मजकूर दुसरा उचलतो आणि पुढे ढकलतो. आराखडा असा: शहरात १० ते १२ रेडिओ, परशुरामच्या डोंगरावर एक रिले (निरोप पुढे टाकणारा रेडिओ), आणि वरच्या अंगाला पोफळी-अलोरे बाजूला एक-दोन, म्हणजे नदीची खबर खाली लवकर येईल.

प्रश्न तीन. कोणता रेडिओ घ्यावा, कोणत्या सेटिंगवर चालवावा आणि पावसाळ्यात काय काय बिघडतं? जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

मृगाचा किडा · रात्री ९:५८

एवढी यातायात कशाला? फोन टू फोन ब्लूटूथवर चालणारी ॲप आहेत की. ब्रायर आहे, ब्रिजफाय आहे, २०२५मध्ये बिटचॅट आलं.

डेसिबल · रात्री १०:२०

@मृगाचा किडा, ती ॲप मोर्चात किंवा यात्रेत चालतात, कारण तिथे माणसाला माणूस खेटून असतो. ब्लूटूथ भिंतीआड १०-२० मीटर, उघड्यावर जरा जास्त. पुरात माणसं गच्च्यांवर विखुरलेली आणि मधे पाणी. एक कडी तुटली की साखळी संपली. शिवाय फोन सतत शोधत राहतो आणि बॅटरी खातो, नेमकी जी तेव्हा जपायची असते. ब्रिजफायच्या सुरक्षेत तर २०२०मध्ये संशोधकांना मोठी भोकं सापडली होती. एका इमारतीपुरतं ठीक, शहराला नाही.

लोराचं बळ वेगळं आहे. वेग अगदी कमी ठेवून तो गोंगाटाखाली बुडालेला सिग्नलही उचलतो. एसएफ१० (एसएफ म्हणजे स्प्रेड फॅक्टर; आकडा वाढला की वेग कमी, पल्ला जास्त) असेल तर सिग्नल गोंगाटाच्या १५ डेसिबल खाली असला तरी वाचता येतो. बदल्यात मिळतो सेकंदाला हजारेक बिटांचा वेग. फोटो, आवाज विसरा. फक्त मजकूर.

आता @खाडीकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे. पैसे आणि डोकं, दोन्हीतलं ऐंशी टक्के डोंगरावरच्या रिलेवर घालवा. शहरातले रेडिओ कोणतेही चालतील. परशुरामवरून बाजारपेठ दिसते, त्यामुळे तिथला एक नीट बसवलेला नोड (जाळ्यातला रेडिओ) गच्च्यांवरच्या वीस नोडांपेक्षा जास्त काम करेल. पोफळी-अलोरे बाजू मात्र तिथून थेट दिसेल असं धरून चालू नका. मेशटॅस्टिकचा साइट प्लॅनर इंटरनेटवर फुकट आहे, उंची टाकून सावली कुठे पडते ते बघा. मधे एक टेकडी शोधावी लागेल.

अंतर काढताना नुसती दृष्टिरेषा पुरत नाही. ८६६ मेगाहर्ट्झला १० किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर सिग्नलला चहूबाजूंनी जवळपास २९ मीटर जागा लागते, त्यातली निदान साठ टक्के मोकळी हवी. म्हणजे मधल्या झाडांच्या शेंड्यावर १७-१८ मीटर. झाडांना घासून जाणारा दुवा एप्रिलमध्ये चालतो आणि जुलैत पडतो.

निळी शाई · रात्री १०:४५

पावसामुळे सिग्नल कमी होतो ना?

डेसिबल · रात्री १०:५२

या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या थेंबांनी काही होत नाही. टीव्हीची छत्री पावसात बंद पडते ती १० गिगाहर्ट्झच्या वर चालते म्हणून. इथे त्रास ओल्या पानांचा. म्हणून चाचणी उन्हाळ्यात केलीत तर हातात किमान १० डेसिबल शिल्लक राहिले पाहिजेत. एसएफ१०ला ॲपमधला एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली) उणे ५च्या वर दिसला तर तो दुवा पावसाळ्यात तगेल. उणे १२ दिसला तर तो आत्ताच गेला समजा.

निळी शाई · रात्री ११:०५

आणि परवाना? हॅमसारखी (हौशी रेडिओवाल्यांसारखी) परीक्षा लागते का?

व्हीयू ऐकतोय · बुधवार, सकाळी ७:१५

परीक्षा नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. २००५मध्ये ८६५-८६७ खुला झाला, २०२१च्या नियमांनी ८६८पर्यंत वाढला. अट अशी: ट्रान्समीटर १ वॉटच्या आत, अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती ४ वॉटच्या आत, आणि कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. बहुतेक बोर्डांवरची एसएक्स१२६२ चिप २२ डीबीएम, म्हणजे साधारण १६० मिलीवॉट देते. शक्तीचा प्रश्नच येत नाही.

रुंदीचा येतो! मेशटॅस्टिकमध्ये प्रदेश "भारत" निवडला तरी मूळ प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) लाँगफास्टच राहतो आणि त्याची रुंदी २५० किलोहर्ट्झ आहे. बहुतेकांच्या हे गावीही नसतं. सरकारी कार्यालयाला, शाळेला हे जाळं दाखवायचं असेल तर कागद स्वच्छ हवा.

आणखी एक. परदेशातून रेडिओ मागवलात तर कस्टममध्ये ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची सरकारी मंजुरी) विचारतात. भारतातल्या विक्रेत्याकडून घेतलेला बरा. हॅमचे ऐकून असाल तर आमच्या पट्ट्यांवर कूट मजकूर चालत नाही, इथे चालतो. पण आवाजाला पर्याय नाही. २००४च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले ते भारती प्रसाद यांच्या हॅम चमूने. तालुक्यात एक परवानाधारक हॅम आणि एक व्हीएचएफ संच असेल तर त्याला या मेशच्या शेजारी बसवा.

डेसिबल · सकाळी ८:०२

रुंदीचा मुद्दा एकदम बरोबर, आणि त्यावर उपाय स्वस्त आहे. प्रीसेट बंद करा आणि हाताने भरा: बँडविड्थ १२५, स्प्रेड फॅक्टर १०, कोडिंग रेट (चुका सुधारायला जोडलेल्या जादा बिटांचं प्रमाण) ४/५.

हिशेब बघा. लाँगफास्ट म्हणजे २५० रुंदी, एसएफ११. रुंदी निम्मी केली की ३ डेसिबल मिळतात. एसएफ ११चा १० केला की अडीच जातात. पल्ला तोच, किंचित वरचढच. वेग लाँगफास्टचा १०७४ बिट, याचा ९७६. जवळजवळ काही न गमावता नियमात बसलात. तयार प्रीसेटपैकी लाँग मॉडरेट १२५चाच आहे, पण तो एसएफ११ आणि ४/८ वापरतो. २०० बाइटचा निरोप तिथे हवेत जवळपास ७ सेकंद राहतो. वरच्या सेटिंगवर २ सेकंद. पुरात सगळे एकदम बोलणार आहेत, ७ सेकंद परवडत नाहीत.

तोटा एकच: लाँगफास्टवर चालणारे अनोळखी नोड तुम्हाला ऐकू येणार नाहीत, तुम्ही त्यांना नाही. आपत्तीच्या बंदिस्त जाळ्यासाठी तो मला फायदाच वाटतो.

आता फ्रिक्वेन्सी स्लॉट. तो शून्यावर ठेवला तर फर्मवेअर पहिल्या चॅनलच्या नावावरून स्लॉट काढतं. कोणी चॅनलचं नाव "चिपळूण"चं "चिपळूण पूर" केलं की त्याचा रेडिओ गुपचूप दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जातो. स्क्रीनवर सगळं ठीक, ऐकू काहीच नाही. लोक तासन्‌तास अँटेना बदलत बसतात. म्हणून स्लॉट आकड्याने बांधून टाका. मी ५ सुचवेन, म्हणजे ८६५.५६२५. स्लॉट १ नको, ८६५.०६२५वर लोरावॅनचा ठरलेला चॅनल आहे, वीज-पाणी मीटरवाले तिथे असतात.

सोल्डरबहाद्दर · सकाळी ९:३०

हार्डवेअरचं मी घेतो.

दोन जाती आहेत. ईएसपी३२वाले (हेल्टेक व्ही३, टी-बीम) स्वस्त, सहज मिळतात, पण १०० मिलीअँपिअरच्या आसपास खातात. ३००० एमएएचचा एक १८६५० (बोटाएवढा लिथियम) सेल तीसेक तासांत रिकामा. एनआरएफ५२८४०वाले (रॅक४६३१, टी-एको, खिशात मावणारा टी१०००-ई) १० मिलीअँपिअरच्या घरात. तोच सेल बारा दिवस. डोंगरावर फक्त दुसरी जात. घरात, चार्जर किंवा पॉवर बँक हाताशी असेल तिथे पहिली चालेल.

गंमत म्हणजे एनआरएफवाला पॉवर बँकेला लावला तर बऱ्याच पॉवर बँका "काही जोडलेलंच नाही" असं समजून मिनिटभरात बंद होतात. आधी तपासा.

परशुरामच्या रिलेचं सामान: रॅक४६३१ आणि त्याचा १९००७ बेस बोर्ड, चार १८६५० समांतर, संरक्षण सर्किटसह, ५ वॉटचं पॅनेल, सीएन३७९१ चार्जर मॉड्यूल, आयपी६५ खोका, फायबरग्लास अँटेना ५ डीबीआयची, दोन मीटर जीआय पाइप. बारा हजार एमएएच भागिले दिवसाचे २४० म्हणजे कागदावर ५० दिवस. प्रत्यक्षात ३५ धरा. कोकणात जुलैत दिवसाला अर्धा तास कडक उन्हाइतकाच उजेड धरायचा, तरी ५ वॉटचं पॅनेल दीड-पावणेदोन वॉट-तास देतं आणि गरज एकाच्या आत आहे. पॅनेल १५-२० अंशांवर ठेवा. पावसाळ्यात प्रकाश सगळ्या आभाळातून येतो, दक्षिणेला फार उभं करण्यात अर्थ नाही; पण सपाटही नको, पानं साचतात.

१९००७वर पॅनेलसाठी वेगळं सॉकेट आहे. त्यात बाजारातलं ६ व्होल्टचं पॅनेल थेट खुपसू नका. त्या सॉकेटची मर्यादा साडेपाच व्होल्ट, आणि ६चं पॅनेल मोकळं असताना ७च्या वर जातं. म्हणून तो सीएन३७९१ मधे. टीपी४०५६ चार्जर लोक वापरतात, पण ढगाळ उजेडात तो पॅनेलचा व्होल्टेज खाली खेचून बसतो आणि चार्जिंग रडतखडत होतं.

बॅटरीचा छोटा पांढरा जेएसटी प्लग सगळ्या कंपन्यांचा सारखा दिसतो, पण लाल-काळी उलटी असू शकते. मल्टिमीटर लावल्याशिवाय खोचायचा नाही. उलटा बसला की बोर्ड गेला. आणि चार सेल समांतर जोडण्याआधी चौघांचा व्होल्टेज सारखा करून घ्या, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात धो धो ओततो.

अनुस्वार · सकाळी १०:१०

वाचतेय. मजकुराबद्दल एक मुद्दा, जो इंग्रजीतल्या माहितीत कधीच सापडत नाही.

निरोपाची मर्यादा साधारण २०० बाइट. इंग्रजी अक्षर १ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं! "पाणी" म्हणजे प, काना, ण, वेलांटी: १२ बाइट. "स्थलांतर" २४ बाइट. रोमनमध्ये तेच १०. थोडक्यात, मराठीत बारा-तेरा शब्दांत निरोप संपतो. देवनागरी आकडासुद्धा ३ बाइट, इंग्रजी आकडा १.

दुसरं, रेडिओच्या स्वतःच्या छोट्या ओलेड पडद्यावर देवनागरी उमटत नाही. फोनवर नीट दिसते. फोन मेला आणि कोणी नुसत्या पडद्यावर वाचत असेल तर त्याला चिन्हांचा कचरा दिसेल.

माझ्या मते आकड्यांचा तक्ता करावा आणि तो लॅमिनेट करून प्रत्येक रेडिओच्या पाठीला चिकटवावा. पहिला आकडा ठिकाण, दुसरा माणसं, तिसरा गरज (१ होडी, २ औषध, ३ पिण्याचं पाणी, ४ डायलिसिस किंवा ऑक्सिजनचा रुग्ण, ५ बाळंतीण), चौथा घाई (१ लगेच, २ आज, ३ उद्या चालेल). "१४-६-१-२" म्हणजे चौदा नंबरच्या ठिकाणी सहा जण, होडी हवी, आज. इंग्रजी आकड्यांत टाइप केलं की ८ बाइट, देवनागरीत १८.

डेसिबल · सकाळी १०:२५

फार महत्त्वाचं. ८ बाइटचा निरोप वरच्या सेटिंगवर अर्धा सेकंद हवेत राहतो, २०० बाइटचा दोन सेकंद. आणि प्रत्येक निरोप तीन-चार वेळा पुन्हा उच्चारला जातो हे विसरू नका. चौपट माणसं बोलू शकतील.

खाडीकाठ · सकाळी ११:००

@अनुस्वार, तक्ता घेतला. ठिकाणांची यादी वॉर्डनुसार नको, गच्ची असलेल्या इमारतींनुसार करतो.

पुढचा प्रश्न: शहरातल्या बारा रेडिओंना कोणता रोल (राउटर, क्लायंट वगैरे) द्यायचा? सगळ्यांना राउटर केलं तर जाळं घट्ट होईल ना?

डेसिबल · सकाळी ११:३०

नको! हीच चूक सगळीकडे होते.

मेशटॅस्टिक पुढे कसं ढकलतं ते समजून घ्या. निरोप ऐकला की नोड लगेच बोलत नाही, थोडा थांबतो. ज्याला सिग्नल कमजोर आला, म्हणजे जो बहुधा लांब आहे, तो कमी थांबतो आणि आधी बोलतो. जवळच्यांनी ते ऐकलं की ते गप्प बसतात. म्हणजे निरोप लांब लांब उड्या मारत जातो. राउटर रोल ही रांग मोडतो: तो नेहमी आधी बोलतो आणि दुसऱ्याचं ऐकून गप्प बसत नाही. बाजारपेठेतल्या दुमजली घरावर राउटर ठेवलात की तो शेजारच्याचा निरोप उचलून पन्नास मीटर पुढे टाकणार, एक हॉप (एका रेडिओवरून दुसऱ्यावर उडी) खर्च करणार आणि परशुरामची उडी वाया घालवणार. हॉप मुळात तीन असतात, जास्तीत जास्त सात.

तर, डोंगरावरचे दोन-तीन राउटर. शहरातले क्लायंट. एकाच इमारतीत दुसरा-तिसरा असेल तर तो क्लायंट म्यूट (निरोप पुढे न ढकलणारा). एखादी गल्ली डोंगराच्या सावलीत असेल तर तिथल्या एका उंच गच्चीवर राउटर लेट, तो सगळ्यांचं झाल्यावर बोलतो. हॉप ४ ठेवा. "सुरक्षितता म्हणून ७" करू नका, गोंगाट वाढतो.

स्थिर नोडांचं स्थान-प्रक्षेपण १२ तासांवर, टेलिमेट्री (बॅटरी वगैरेची आपोआप जाणारी माहिती) ६ तासांवर. ॲपमध्ये चॅनल वापराचा टक्का दिसतो, रोजच्या दिवसात तो ५च्या खाली आणि गर्दीत २५च्या आत राहिला पाहिजे. त्याच्या पुढे निरोप एकमेकांवर आदळतात.

पंचगंगाकाठ · दुपारी १:४५

शिरोळकडचं सांगतो, कारण आमची भूमिती उलटी आहे. इथं दऱ्या नाहीत. कृष्णा-पंचगंगेचा सपाट पट्टा, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, पाणी आलं की दहा-दहा दिवस हलत नाही. सपाटीवर एक उंच नोड पुष्कळ लांब बघतो: १०० मीटर उंचीवरून क्षितिज ४० किलोमीटर, सहा मीटरच्या गच्चीवरून दहा. बाहुबलीच्या डोंगरासारखी एक जागा मिळाली की अर्धा तालुका आला.

अडचण उसाची. जुलै-ऑगस्टात ऊस डोक्याच्या वर गेलेला आणि चिंब. बांधावर उभं राहून हातातल्या रेडिओने पाठवायला गेलात तर अर्धा किलोमीटर जाईना. तेच ट्रॅक्टरच्या टपावर चढून पाठवा, जातंय. होडीवर जाणाऱ्यांसाठी तीन मीटरचा पीव्हीसी पाइप, त्याच्या टोकाला रेडिओ प्लास्टिकच्या बरणीत, आणि फोन खाली ब्लूटूथवर. रेडिओच वर पाठवायचा, केबल नाही.

सोल्डरबहाद्दर · दुपारी २:१०

+१. केबलबद्दल लाख रुपयांची गोष्ट. आरजी५८ जातीची केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्धा डेसिबलहून जास्त खाते. गच्चीवर अँटेना आणि खालच्या खोलीत रेडिओ, मधे दहा मीटर, म्हणजे पाऊण शक्ती केबलमध्येच गेली. येणाऱ्या सिग्नलचंही तेच.

सोबत येणाऱ्या बोटभर अँटेनांवर विश्वास नको. "८६८" छापलेली कित्येकदा भलतीकडेच जुळलेली असते. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं यंत्र) एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात मिळेल, ८६५.५ला एसडब्ल्यूआर (अँटेनातून किती शक्ती परत येते त्याचं माप) दोनच्या आत हवा. हातानेही करता येते: एसएमए सॉकेटच्या मधल्या पिनेला ८२ मिलिमीटर तांब्याची उभी तार, चार कोपऱ्यांना तेवढ्याच चार तारा ४५ अंश खाली वाकवून. महागड्या अँटेनेच्या तोडीस तोड चालते. घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए यातला फरक बघा: नटात पीन कुठे आहे, कुठे भोक. चुकीची जोडी घट्ट बसते, पण मधे संपर्कच नसतो.

अँटेना न लावता रेडिओ चालू करायचा नाही. शक्तीला जायला वाट नसते आणि चिपचा शेवटचा टप्पा जळू शकतो. बोर्डावरचा तो चिमुकला आयपेक्स कनेक्टर तीसेक वेळा काढ-घाल सोसतो, पुढे सैल होतो. एकदा लावून गरम गोंदाचा थेंब टाका आणि विसरा.

निळी शाई · दुपारी ३:००

परशुरामला मोबाईल टॉवरच्या जवळ जागा मिळतेय, कुंपण आणि वीजही आहे. तिथेच लावावा का?

डेसिबल · दुपारी ३:४०

शक्य असेल तर नको. ८५० पट्ट्यात मोबाईल टॉवरचं प्रक्षेपण ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं. आपण ८६५-८६८मध्ये. म्हणजे भिंतीला लागून कोणी भोंगा लावलाय. लक्षण ठरलेलं असतं: तुमचा नोड सगळ्यांना ऐकू जातो, पण त्याला कोणीच ऐकू येत नाही, सिग्नलची ताकद बरी दिसते आणि एसएनआर मात्र पडलेला. साधा सॉ फिल्टर दोन-तीन मेगाहर्ट्झमध्ये एवढी मोठी लाट अडवू शकत नाही, कॅव्हिटी फिल्टर लागतो आणि तो जड, महाग. त्यापेक्षा टॉवरपासून शंभर-दोनशे मीटर सरका, मधे खडक किंवा इमारत आली तर उत्तम. स्लॉट ५ सुचवण्यामागे हेही एक कारण होतं, तो ८६९पासून लांबच्या टोकाला आहे.

टॉवर बंद पडला की तो नोड एकदम चांगलं ऐकू लागेल, हा यातला विनोद. पण रोजची तपासणी टॉवर चालू असतानाच करायची आहे.

मृगाचा किडा · दुपारी ४:०५

माकडांचं काय? गंभीरपणे विचारतोय.

सोल्डरबहाद्दर · दुपारी ४:३०

गंभीरच प्रश्न आहे. चकचकीत, लवचीक, हलणारं काहीही ते उपटतात. चाबकासारखी अँटेना लावू नका, जाड फायबरग्लासची लावा. केबल बाहेर लोंबू नये, पाइपच्या आतून घ्या. खोका पाइपला दोन स्टीलच्या पट्ट्यांनी आवळा. प्लास्टिकच्या केबल टाय उन्हाने वर्षात तुटतात.

पाण्याबद्दल: सगळी भोकं खालच्या बाजूला. वर एकही नाही. केबल खोक्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पागोळी तिथून टपकेल, आत जाणार नाही. अँटेनाच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप. खोका पूर्ण हवाबंद करण्याचा हट्ट नको: दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतलं बाष्प बोर्डावर जमतं आणि हिरवी बुरशी येते. तळाला ३ मिलिमीटरचं एक भोक, आतून जाळी, नाहीतर मुंग्या घर करतात. पांढरा खोका घ्या, काळ्यात सेल भाजतात.

विजेसाठी गॅस ट्यूबवाला अरेस्टर आणि पाइपला अर्थिंग. थेट पडली तर काहीही वाचत नाही. वळवाच्या दिवसांत हमखास धोका, म्हणून तीच सेटिंग घातलेला दुसरा रॅक डब्यात तयार ठेवा.

खाडीकाठ · संध्या. ६:१५

नदीची पातळी आपोआप कळवता येईल का? वरच्या अंगाला माणूस बसवणं अवघड आहे.

पंचगंगाकाठ · संध्या. ६:५०

येतंय. मेशटॅस्टिकमध्ये डिटेक्शन सेन्सर मॉड्यूल आहे, एखाद्या पिनेची स्थिती बदलली की निरोप सोडतं. चार इंची पीव्हीसी पाइप पुलाच्या खांबाला उभा, परवानगी घेऊन. तळाला आणि बाजूला भोकं, आत चुंबकी फ्लोट स्विच. एक इशारा पातळीला, दुसरा धोका पातळीला. दोन पातळ्यांना दोन नोड लागतील, कारण मॉड्यूल एकच पीन बघतं.

पाइप प्रवाहाच्या पाठच्या बाजूला बांधा, समोर बांधलात तर पहिल्याच लोंढ्यात ओंडका घेऊन जाईल. गाळ, पालापाचोळा अडकून फ्लोट वर चिकटतो किंवा खालीच राहतो. म्हणून स्थिती दर सहा तासांनी "अजून जिवंत" म्हणून कळवत राहील असं लावा, आणि दर पंधरा दिवसांनी काठीने फ्लोट उचलून बघा. सरकारी पातळीमापकाला हा पर्याय नव्हे. रात्री दोनला कोणाला तरी उठवायचं, एवढंच याचं काम.

निळी शाई · रात्री ८:२०

गुप्ततेचं काय? आजारी माणसांची नावं, घरं सगळ्यांना दिसणार?

व्हीयू ऐकतोय · रात्री ८:५५

मूळ चॅनलची किल्ली जगजाहीर आहे, ती वापरली तर पोस्टकार्ड समजा. स्वतःचा चॅनल करून २५६ बिटांची किल्ली बनवा आणि क्यूआर कोडने सगळ्यांत वाटा. एकास एक निरोप २.५ आवृत्तीपासून प्रत्येक नोडाच्या स्वतंत्र किल्लीने बंद होतात. विक्रेत्याने आधीच फर्मवेअर भरून दिलेला रेडिओ तसाच वापरू नका. एकच प्रत सगळ्यांवर उतरवल्यामुळे दोन रेडिओंची किल्ली एकच निघाल्याचं २०२५मध्ये उघड झालं होतं. पूर्ण पुसून नवीन फर्मवेअर घाला, मग किल्ली आपोआप नवी बनते. पडदा नसलेल्या नोडांचा ब्लूटूथ पीन १२३४५६ असतो, तोही बदला.

निरोप "पोचला" याचा अर्थही सगळ्यांना शिकवा. सामायिक चॅनलवर खूण उमटते ती "कुठल्या तरी एका नोडाने ऐकलं" म्हणून. होडीवाल्याने वाचलं असा त्याचा अर्थ नाही. एकास एक निरोपाची पोच मात्र समोरच्या रेडिओकडून येते, पण तीही रेडिओची, माणसाची नव्हे. तातडीच्या निरोपाला माणसाने उलट आकडा पाठवायचा, हा नियम तक्त्यावर छापा.

अनुस्वार · रात्री ९:१०

शिवाय रेडिओ एका वेळी एकाच फोनशी जोडला जातो. म्हणजे बारा रेडिओ म्हणजे बारा फोन आणि बारा ठरलेली माणसं, प्रत्येकाला एक बदली. ॲप, नकाशे मेमध्येच उतरवून ठेवायचे. अँड्रॉइड पाठीमागे चालणारी ॲप मारतं, तेव्हा या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर निरोप रेडिओत येऊन पडेल आणि फोन गप्प.

मृगाचा किडा · रात्री ९:२५

मेशकोर (मेशटॅस्टिकसारखंच दुसरं फर्मवेअर) चांगलं असं ऐकतोय. ते का नाही?

डेसिबल · रात्री ९:५०

मेशकोरमध्ये फोनवाले रेडिओ निरोप पुढे ढकलत नाहीत, फक्त नेमलेले रिपीटर ढकलतात आणि एकदा सापडलेली वाट लक्षात ठेवतात. हवा शांत राहते. रूम सर्व्हर निरोप साठवून उशिरा आलेल्याला देतो, हे पुरात खरंच उपयोगाचं. डोंगरावर रिपीटर पक्के असतील तर तो जास्त शिस्तीचा. पण एक-दोन रिपीटर पडले की शहरातले रेडिओ एकमेकांना हात देत नाहीत, मेशटॅस्टिकमध्ये देतात. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा एक निवडा. पहिल्या पावसाळ्याला मी मेशटॅस्टिकवर राहीन.

खाडीकाठ · रात्री १०:३०

धागा वाखूत टाकला. शेवटची शंका: समजा ढगाळ पंधरवड्यात रिलेची बॅटरी पूर्ण उतरली. ऊन आलं की तो आपोआप उठेल ना?

सोल्डरबहाद्दर · रात्री १०:४८

धरून चालू नका. बॅटरी हळूहळू वर येते तेव्हा एनआरएफ चिप अर्धवट व्होल्टेजवर उठायला बघते, अडकते, आणि बॅटरी भरली तरी तशीच पडून राहते. कधी कधी सेटिंगही पुसली जाते. मधे व्होल्टेज सुपरव्हायझर घाला: ३.१च्या खाली पूर्ण तोडणारा आणि ३.५च्या वर गेल्यावरच जोडणारा. शिवाय रीसेटची पीन एका छोट्या जलरोधक बटणावर खोक्याच्या तळाशी काढा, म्हणजे भर पावसात स्क्रू उघडायला लागणार नाहीत. आणि ॲपमध्ये रिलेचा व्होल्टेज ३.६च्या खाली दिसला की त्याच दिवशी माणूस वर पाठवा. घाटात दरड आल्यावर तो वर जाऊ शकणार नाही.